सात दिवसांचा डोंगर

बीड जिल्ह्यातल्या कपिलधारला वर्षातून दोनदा गर्दी होते. पावसाळ्यात धबधबा पाहायला, आणि कार्तिकी पौर्णिमेला मन्मथस्वामींच्या समाधीच्या दर्शनाला. कार्तिकीला महाराष्ट्राबरोबरच कर्नाटक आणि तेलंगणातूनही वीरशैव समाजाच्या दिंड्या पायी येतात आणि मांजरसुंब्याजवळची ही एरवी शांत असलेली दरी माणसांनी भरून जाते. त्यानंतर महिना-दीड महिन्यानं बालाघाटाच्या गावोगावी तिसरी, छोटीशी गर्दी दिसायला लागते. पन्नासेक मुलंमुली, डोक्याला टोप्या, छातीवर कोणार्कच्या चाकाचा बिल्ला, हातात टिकाव, खोरी, घमेली. मागून घसा बसलेले एक सर. राष्ट्रीय सेवा योजनेचं हिवाळी शिबिर आलेलं असतं.

मीही कधीकाळी अशा शिबिरात होतो. सकाळी प्रभातफेरी, मग श्रमदान, दुपारी बौद्धिक, रात्री पथनाट्य. सातव्या दिवशी समारोप, पाहुण्यांचं भाषण, ट्रॅक्टरसमोर फोटो. आम्ही त्या सात दिवसांत शंभरावर रोपं लावली होती. पुढच्या पावसाळ्याआधी तिथे गेलो तेव्हा वाळलेल्या काटक्यांना बांधलेल्या, आमच्या नावांच्या पाट्या तेवढ्या उभ्या होत्या. तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात राहिला आहे. हात पुष्कळ आणि वेळ थोडा, अशा फौजेनं डोंगरासाठी नेमकं काय करावं?

ही फौज लहान नाही. गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, 24 सप्टेंबर 1969 रोजी, 37 विद्यापीठांतल्या 40 हजार विद्यार्थ्यांना घेऊन ही योजना सुरू झाली. दोन वर्षांत 240 तास काम आणि एक विशेष शिबिर, असा स्वयंसेवकाचा हिशेब. महाराष्ट्रात ही कल्पना त्याआधीच रुजली होती. राष्ट्र सेवा दलाची श्रमदान पथकं होती, आणि साठच्या दशकाच्या अखेरीस बाबा आमट्यांनी चंद्रपूर जिल्ह्यातल्या सोमनाथला तरुणांची श्रमसंस्कार छावणी सुरू केली. तिथे ऐन मे महिन्यात, विदर्भाच्या उन्हात मुलं कुदळ हाती घेत. सोमनाथच्या छावणीचा भर माणूस घडवण्यावर होता, जमीन त्याच्या ओघात सुधारली. आपल्याला इथे उलटीकडून पाहायचं आहे. मुलांना काय मिळतं हे प्रत्येक समारोपात ऐकायला मिळतं. डोंगराला काय मिळतं?

त्यासाठी आधी हा डोंगर काय आहे ते पाहू. बालाघाट म्हणजे बेसाल्टच्या थरांचं पठार. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा एकावर एक पसरत गेला आणि थिजला. त्यामुळे इथे वरपासून खालपर्यंत एकसारखा खडक नाही. एखादा थर घट्ट काळा, त्याखालचा किंवा वरचा सच्छिद्र, कुठे मधेच तांबड्या मातीची पातळ पट्टी. वर पडलेलं पाणी भेगांतून आणि सच्छिद्र थरांतून उतरतं, घट्ट थराला अडतं आणि आडवं सरकत दरीच्या कुशीत कुठेतरी बाहेर येतं. डोंगरातले झरे असे जन्मतात. मराठवाड्याच्या कोरड्या डोंगरांत देवस्थानं नेमकी अशाच ओल्या कपारींत का सापडतात, याचं उत्तर भूगर्भशास्त्रात आहे आणि ते श्रद्धेला बाधक नाही.

याच पठारावर पाण्याची वाटणी होते. उत्तरेच्या उतारावरची बिंदुसरा बीड शहरातून वाहत सिंदफणेला आणि तिच्यातून गोदावरीला मिळते. पाटोदा तालुक्यात उगम पावणारी मांजरा मात्र पाठ फिरवून निघते, बीड, लातूर, बिदर करत 724 किलोमीटरची वाट तुडवते आणि शेवटी तीही गोदावरीतच पडते. पाऊस जेमतेम, जिल्ह्याची सरासरी साडेसहाशे-सातशे मिलिमीटरच्या घरातली, आणि तोही मोजक्या दिवसांत धो धो पडून जाणारा. उतारावर मातीचा थर वीतभर, खाली मुरूम. पाणी थांबलं नाही तर माती घेऊनच जातं.

म्हणून शिबिरात पहिलं काम निघतं ते सलग समतल चराचं. नाव सरकारी आहे, पण युक्ती साधी. उतारावर समान उंचीवरून जाणारी रेषा आखायची, तिच्यावर चर खणायचा, निघालेली माती खालच्या बाजूला बांधासारखी टाकायची. रेषा जराही कलली तर पाणी चरात थांबत नाही, एका टोकाला धावतं आणि तिथून बांध फोडून ओघळ पाडतं. म्हणजे न खणलेलं बरं. त्यामुळे सगळी अक्कल खणण्याआधीच्या आखणीत आहे, आणि ती करायला लागतात तीन काठ्या, एक दोरी आणि एक दगड.

दोन सारख्या लांबीच्या काठ्या वरच्या टोकाला बांधायच्या, मधे आडवी काठी, म्हणजे इंग्रजी ‘ए’ अक्षरासारखी चौकट होते. शेंड्यापासून दोरीला दगड लोंबकळत सोडायचा. आता चौकट जमिनीवर उभी करा. दोरी आडव्या काठीला जिथे ओलांडते तिथे खूण करा. मग पायांची अदलाबदल करा, डावा पाय उजव्याच्या जागी, उजवा डाव्याच्या. पुन्हा खूण करा. या दोन खुणांच्या बरोब्बर मधोमध तिसरी खूण करायची. दोरी त्या तिसऱ्या खुणेवर आली की दोन्ही पाय समान उंचीवर आहेत असं समजावं. काठ्या किंचित लहान-मोठ्या असल्या तरी चालतं, कारण पाय बदलून केलेल्या दोन खुणा ती चूक आपोआप कापून टाकतात. मग एक पाय रोवून दुसरा फिरवायचा, दोरी खुणेवर आली की चुना टाकायचा, आणि असं कंपासासारखं पावलं टाकत डोंगरभर जायचं. भूमितीच्या तासाला झोपणारी मुलं इथे जागी होतात. 2016 साली पाणी फाउंडेशनच्या पहिल्या वॉटर कप स्पर्धेत वरूड, कोरेगाव आणि आपल्या जिल्ह्यातला अंबाजोगाई असे तीन तालुके होते. शास्त्रशुद्ध आखणीचे हे धडे तेव्हा गावागावांत गिरवले गेले, आणि शाळा फारशी न पाहिलेल्या बायकाही समपातळी रेषा सफाईनं आखू लागल्या.

आता जरा निष्ठुर हिशेब. चर 60 सेंटिमीटर रुंद आणि 30 सेंटिमीटर खोल धरला तर एका मीटरमध्ये 180 लिटर पाणी मावतं. मुरमाड जमिनीत, सकाळच्या तीन तासांत, हाताला सवय नसलेला विद्यार्थी सरासरी एक मीटर खणेल असं समजू. पन्नास जणांचे दिवसाला पन्नास मीटर. पहिला दिवस उद्घाटनाचा, शेवटचा समारोपाचा, उरले पाच. म्हणजे अडीचशे मीटर आणि एकदा भरल्यावर 45 हजार लिटर. दहा हजार लिटरचे साडेचार टँकर. पावसाळ्यात चार-पाच वेळा भरले तर दोन लाख लिटरच्या आसपास पाणी मुरेल. आकडा वाईट नाही. पण तेवढंच खोदकाम जेसीबी एका दिवसात करतो, बहुधा जेवणाच्या सुट्टीआधीच.

हे वाचून सरांनी नाराज होऊ नये. यंत्राशी शर्यत लावली तर विद्यार्थी हरणारच. यंत्र जिथे नेता येत नाही किंवा नेऊ नये, तिथे ते जिंकतात. झुडपांनी भरलेल्या ओघळीत जेसीबी घातला तर पाणी अडवण्याआधी तो शंभर वर्षांची हिरवळ उलथून टाकतो. तिथे दगडी बांध हवा. ओघळीतलेच सुटे दगड, मोठे खाली, लहान वर, मधल्या फटीत चिपा, आणि मधला भाग कडांपेक्षा थोडा खाली ठेवायचा म्हणजे पुराचं पाणी मधूनच ओसंडतं, कडा कापत नाही. सिमेंट नाही, खोदाई नाही. माणसांची साखळी करून दगड हातोहात पोचवायचे. पन्नास जणांची साखळी हे असं यंत्र आहे की जे कुठल्याच गुत्तेदाराकडे भाड्यानं मिळत नाही. बांध पाणी पूर्ण अडवत नाही, वेग तोडतो. वेग तुटला की गाळ बसतो, गाळात बी अडकतं, आणि दोन-तीन पावसाळ्यांनी दगडामागे गवताचा पट्टा दिसतो. (फार उभ्या, ढासळत्या उताराला मात्र चर नको आणि बांधही नको. मुरलेलं पाणीच तिथे माती सैल करतं. हा निर्णय मृद्‌संधारणाच्या माणसाला विचारूनच घ्यावा.)

आणि वृक्षारोपण? महाराष्ट्रानं 2017 ते 2019 या तीन वर्षांत चार, तेरा आणि तेहतीस, अशी मिळून पन्नास कोटी झाडांची मोहीम हाती घेतली होती. विद्यार्थी तिच्यात आघाडीवर होते. पण बीड जिल्ह्यात हिवाळी शिबिर आणि रोप यांचं गणित मुळातच जुळत नाही. पौषात लावलेल्या रोपापुढे पाच-सहा महिने कोरडे असतात. त्याला पाणी कोण घालणार? गावकरी, असं आपण अहवालात लिहितो. पण दसरा-दिवाळी झाली की या डोंगरपट्ट्यातली गावं ऊसतोडीला निघून गेलेली असतात, कोयता आणि संसार घेऊन, पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात. परततात ती उन्हाळा लागल्यावर. शिबिराच्या काळात गावात म्हातारी माणसं, शाळेची पोरं आणि कुत्री. आणखी एक गोष्ट अहवालात येत नाही. टिकाव मारणाऱ्या पन्नासांतल्या कित्येकांचे आईबाप त्या क्षणी कुठल्यातरी फडात मोळ्या बांधत असतात. श्रमाचा संस्कार त्यांना नव्यानं द्यायची गरज नसते. त्यांना हवं असतं ते श्रमाला जोडलेलं ज्ञान, आणि आखणीसारख्या कामात ते मिळतं.

झाडाबद्दलची दुसरी शंका याहून मुळातली आहे. बालाघाटाच्या माथ्यावर उभं राहून पाहुणे म्हणतात, किती उजाड! सातबारावर आणि शासकीय नकाशांवर अशा जमिनीला ‘पडीक’ म्हणायची जुनी खोड आहे. पण ही जमीन पडलेली नाही. मारवेल, पवना, कुसळी अशी गवतं, मधे मधे बोर, हिवर, बाभूळ, पळस, आणि उतारावर सीताफळ. हे माळरान एक पूर्ण घर आहे. लांडगा, कोल्हा, खोकड, काळवीट, तितर, चंडोल यांना दाट झाडी नकोच असते. त्यावर गिरिपुष्पाच्या रांगा लावल्या की लांबून डोंगर हिरवा दिसतो, आणि आतली वस्ती उठून जाते.

सीताफळाचं नाव आलं म्हणून सांगतो. ते मूळचं अमेरिका खंडातलं, पोर्तुगीजांबरोबर आलेलं. पण शेळी त्याच्या पानाला तोंड लावत नाही, म्हणून चरून फस्त झालेल्या टेकाडावरही ते टिकलं आणि इतकं इथलं झालं की 2016 मध्ये बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकनही मिळालं. परका आणि उपरा यात फरक असतो.

सगळेच पाहुणे असे गुणी निघाले नाहीत. वेडी बाभूळ सरपणासाठी आणली गेली. तिच्या शेंगा जनावरं खातात आणि शेणातून बी गावभर पेरतात. टणटणी शोभेसाठी आली आणि बुलबुलांनी तिची फळं खाऊन ती रानात नेली. दोन्हींची गोम एकच, वरून छाटलं की बुंध्यातून दहा फुटवे येतात. शिबिरात कोयत्यानं ‘झुडूप निर्मूलन’ करणं म्हणजे त्यांना खतपाणीच. टणटणीसाठी दिल्ली विद्यापीठातल्या प्रा. सी. आर. बाबू यांच्या चमूनं एक रीत घालून दिली. खोड जिथे संपून मुळं सुरू होतात तिथे, मातीखाली काही बोटं, कुदळीचा घाव घालायचा, झुडूप उपटून उलटं ठेवायचं म्हणजे फांद्या पुन्हा मूळ धरत नाहीत, आणि मोकळ्या जागी गवताचं बी टाकायचं. पाखरं बसतात त्या झाडांखाली पुढची काही वर्षं नवी रोपं उगवत राहतात, ती पावसाळ्यात हातानं उपटायची. यंत्राला न जमणारं आणि एका माणसाला न झेपणारं हे काम आहे. पन्नास हातांच्या जोड्यांना मात्र ते अगदी मापात बसतं.

गवत परत आणलं की काय होतं याचं एक ठळक उदाहरण टेक्सासमधलं आहे. डेव्हिड बॅम्बर्गर नावाच्या गृहस्थानं 1969 मध्ये तिथली जनावरं चारून निकामी झालेली जमीन विकत घ्यायला सुरुवात केली, पुढे ती साडेपाच हजार एकर झाली. टेकड्यांवर जुनिपरची झाडी माजली होती, झरे आटलेले. त्यानं झाडं लावायच्या ऐवजी बरीचशी तोडली आणि गवत पेरलं. काही वर्षांत झरे वाहू लागले. आज ‘सेलाह’ नावाच्या त्या रँचवर शाळा-कॉलेजांची मुलं शिकायला आणि हात लावायला येतात. तिथली झाडं वेगळी, खडक वेगळा. नुसती नक्कल करायची नाही. पण झाड म्हणजेच निसर्ग ही आपली समजूत हलवायला हे उदाहरण पुरेसं आहे.

तसं संरक्षित माळरान आपल्याकडेही आहे, आणि फार दूर नाही. कपिलधारच्या शेजारच्या पाटोदा तालुक्यात नायगावचं मयूर अभयारण्य आहे. 1994 साली जाहीर झालेलं, सुमारे तीस चौरस किलोमीटरचं. मोराला काय लागतं ते पाहिलं तर डोंगर कसा असावा हे कळतं. रात्री बसायला उंच झाड. अंडी घालायला जमिनीवरच दाट झुडूप, कारण लांडोर चार-सहा अंडी उघड्या खळग्यात घालते आणि महिनाभर एकटीच उबवते. चरायला आणि नाचायला मोकळी जागा. जवळ पाणी. म्हणजे झाड, झुडूप, गवत यांची गोधडी. एकरंगी चादर नव्हे. पावसाळा संपता संपता मोर पिसारा झाडतो, आणि पिसं दिसली की मुलांचे हात शिवशिवतात. अभयारण्यातून पीसही न्यायचं नसतं. आत शिरायला वनविभागाची परवानगी लागते, आणि बाहेरून आणलेलं कुठलंही बी तिथे फेकायचं नाही. गोफणीनं ‘बीजगोळे’ भिरकावण्याची हौस ज्यांना आहे त्यांनी ती आपल्या बांधावर भागवावी.

खरं तर मोराची काळजी करायचं कारण उरलेलं नाही. तीस हजारांवर पक्षीनिरीक्षकांच्या नोंदींवर आधारलेला भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा 2023 चा अहवाल सांगतो की मोर देशभर झपाट्यानं वाढतो आहे; पेरलेलं बियाणं उकरणाऱ्या मोरांबद्दल शेतकऱ्यांची तक्रार आहेच. घट सर्वांत जास्त आहे ती मोकळ्या माळावरच्या पक्ष्यांची. मोराच्या नावावर राखलेल्या जमिनीत त्या बिननावाच्यांना आसरा मिळाला, तर तो तिचा मोठा उपयोग.

हिवाळी शिबिराला मापात बसणारी आणखी दोन कामं आहेत. एक जाळरेषेचं. पौषात गवत पिवळं पडतं आणि फाल्गुनात एक बिडी सबंध डोंगर पेटवते. नवं गवत लवकर फुटावं म्हणून मुद्दाम लावलेली आगही असते. वणवा थांबतो तो समोर जळायला काही नसेल तिथेच. म्हणून ठराविक रुंदीचा पट्टा गवत कापून, पाला झाडून मोकळा करायचा. कापलेलं जाळायचं काम वनरक्षकाचं, विद्यार्थ्यांनी काडी हातात घ्यायची नाही. पण विळा आणि झाडणी घेऊन पन्नास जण पाच दिवसांत जेवढा पट्टा करतील तेवढी मनुष्यशक्ती बीटावरच्या एकट्या वनरक्षकाकडे कधीच नसते. दुसरं काम प्लास्टिकचं. महाराष्ट्रात 2018 पासून प्लास्टिकबंदी आहे, तरी यात्रा संपल्यावर कुठल्याही तीर्थक्षेत्राच्या ओढ्यात ग्लास, द्रोण, पिशव्या अडकलेल्या दिसतातच. त्या पहिल्या वळिवाआधी निघाल्या नाहीत की मातीत जातात आणि मग कोणालाच निघत नाहीत. हे काम फोटोत शोभत नाही. म्हणूनच ते सर्वांत शेवटच्या दिवसावर ढकललं जातं, आणि समारोपाची तयारी ते खाऊन टाकते.

मोजणीचं काम मात्र शिबिरात कुणी धरत नाही. वैशाखातल्या बुद्धपौर्णिमेला मचाणावर बसून पाणवठ्यावरचे प्राणी मोजायची जुनी प्रथा आहे. चांदणं स्वच्छ, पाण्याच्या जागा मोजक्या, म्हणून सगळे तिथेच येतात. शास्त्र म्हणून ही गणती आता मागे पडली, कॅमेरे आले. वनविभागही तिला निसर्गानुभव म्हणतो. पण गवताची मोजणी कोणीही करू शकतं. चार काठ्यांचा एक मीटरचा चौकोन, डोंगरावर खूण करून ठेवलेल्या दहा जागा. प्रत्येक चौकोनात किती जातींची गवतं, किती मोकळी माती, किती वेड्या बाभळीची रोपं, एवढंच लिहायचं. एका वर्षाची नोंद कुचकामी. त्याच जागी, त्याच महिन्यात, दहा वर्षं केलेली नोंद सोन्याची. विद्यार्थी दर दोन वर्षांनी बदलतो, पण वही बदलायचं कारण नाही, आणि शिबिराचं गावही दरवर्षी बदलायचं कारण नाही. हिवाळ्याचे सात दिवस आणि मधे श्रावणातला एक रविवार, उपटायला राहिलेल्या रोपांसाठी, एवढं तेच गाव धरून दहा वर्षं केलं तर सातांचे सत्तर होतात.

आमच्या वेळी अशी वही नव्हती. नंतर एका ओळखीच्या सरांनी सुरू केली, तेव्हा मी एक दिवस पाहायला गेलो होतो. पोरं चौकोन टाकून ओणवी बसलेली, मोबाइलमधल्या फोटोंशी गवत ताडून पाहत होती आणि काही जुळत नव्हतं. शेळ्या घेऊन चाललेली एक आजी थांबली. गाव फडावर गेलेलं, ही मागे राहिलेली. ‘‘काय हुडकायलाव रं बाबांनो?’’ तिनं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता काठीनं दाखवत गेली. हा पवना, ही मारवेल, ही कुसळी, हिच्यात शेळ्या घालू नका, कुसळं तोंडात रुततात. एका मुलीनं पेन काढलं. चौकोन क्रमांक चार, आठ जाती. सहांची नावं मिळाली होती. उरलेल्या दोन काड्या आजीनं उलटसुलट करून पाहिल्या आणि म्हणाली, ‘‘ह्या आमच्या लहानपणी नव्हत्या.’’ मुलीनं तेही तसंच लिहून घेतलं, तारखेसकट.